शून्याचं तिकीट

कणकुंबीहून सकाळची बस सुटते तेव्हा
चोर्ल्याकडचं धुकं अजून रस्त्यावर बसलेलं असतं.
शेवंता पुढं, बायकांच्या बाकावर. मी मागं.
तिच्या मांडीवर पिशवी,
पिशवीत आधार कार्ड, भाकरी, एक जादा लुगडं.

सोमवारी ती माझ्या ओट्यावर आली होती.
पदर सावरत म्हणाली, नागोजीमामा,
लेप द्या की काहीतरी,
लिंबाएवढी आहे, दुखत नाही.
दुखत नाही म्हणाली
आणि माझे हात गार पडले.

मल्लव्वापण हेच म्हणाली होती.
बिडीहून आलेली, दोन बस बदलून, माझं नाव ऐकून.
तिचं मराठी मोडकं, माझं कन्नड तसंच.
गंटु, म्हणाली ती.
गाठ, म्हणालो मी.
नोवु?
इल्ला.
एवढ्यावर आमचं भागलं.

काविळीला, नागिणीला, मोडल्या हाडाला
माझ्या हातचं लागू पडतं, हे खोटं नाही.
काविळीचं ते यश घेऊन
मी तिच्या गाठीपर्यंत गेलो.
गुळवेल, आंबेहळद, रक्तरोहिडा,
बापाच्या सहाणेवर उगाळून पुड्या बांधल्या.
आठ महिने. दर अमावास्येला नव्या.
एकदा म्हणाली, मऊ लागतेय आता.
मी हात लावलेला नव्हता.
मलाही मऊ वाटली.

भात कापणीच्या दिवसांत तिची मुलगी आली, एकटी.
हातात माझाच डबा, राखेनं घासून लख्ख.
मला वाटलं शिव्या देईल. मी तयार होतो.
ती म्हणाली, अव्वानं एक दिवस चुकवला नाही.
पाणी प्याली
आणि बसच्या वेळेला गेली.

तो डबा फडताळात आहे. त्यात मी काही भरत नाही.

आमच्या रानात नरक्या नावाचं झाड आहे.
तोडलं की असा वास
की म्हशीसुद्धा तोंड फिरवतात.
चाळीस वर्षं मी त्याला वळसा घालून गेलो.
रात्री कोणी ट्रक भरून न्यायचे,
फॉरेस्टवाले जांबोटीच्या नाक्यावर धरायचे,
आणि मी हसायचो,
ही घाण विकत घेतंय तरी कोण!

बेळगावच्या डॉक्टरीणबाईंनी सांगितलं,
त्या लाकडातून कॅन्सरचं औषध काढतात.
सदाफुलीतूनही, तुमच्या दारात असेल बघा.
मग मी, असं काहीतरी म्हणायला गेलो.
तुम्ही नाही, त्या म्हणाल्या. रागावून नाही.
पोतंभर पाल्यातून चिमूटभर निघतं,
ती चिमूट तोलायची, रक्त बघायचं, मग शिरेतून.
तोल चुकला तर तेच विष.

मला माझी सहाण आठवली.
लहानाला तीन वळसे, मोठ्याला सात.

त्यांनी माझ्या साऱ्या पाळामुळांची नावं
केसपेपरवर लिहून घेतली, मला विचारून विचारून.
सुई चालू असेतोवर यातलं काही द्यायचं नाही.
सुंठ? मी विचारलं. उलटीला?
थोडी, चहात, चालेल.
त्या थोड्या सुंठेचा मला केवढा आनंद झाला,
कुणाला सांगण्यासारखा नाही.

कंडक्टर येतो. एल्लिगे?
बेळगाव.
शेवंताला शून्याचं तिकीट, बायकांना फुकट आहे.
माझं पूर्ण.
ती तिकिटाची बारीक घडी करते,
पदराच्या टोकात ठेवून गाठ मारते,
मग माझ्या हाताकडं बघते.
मी खिडकीबाहेर बघतो.

जांबोटीला चहाला बस थांबते. ती मागं येऊन विचारते,
मामा, त्या सुईला दुखतंय काय हो?
दुखतंय, मी म्हणतो.
थोडा वेळ काही बोलत नाही.
मग भाकरी सोडते
आणि अर्धी माझ्याकडं करते,
मिरचीचा खर्डा मधोमध.